दहा मोजा

बाईंनी चौकशीच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवली आणि पुढच्याच क्षणी ती अख्ख्या बसस्थानकाने ऐकली.

"मला बोलता येत नाही," छताखालचे सहाही भोंगे एका सुरात म्हणाले. "टेकडीवरच्या शाळेकडे जाणारी बस कुठल्या फलाटावरून सुटते? कृपया लिहून सांगा. घाई आहे."

बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. एका आजोबांनी तर वर्तमानपत्रच खाली ठेवलं. बोलता येत नाही हे इतक्या खणखणीत आवाजात सांगणारं माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नसावं. इकडे बाईंच्या कानाच्या पाळ्या लालेलाल! एरवी घराजवळच्या थांब्यावरून बस धरायची, आज दवाखान्यातून थेट इथे; बाहेर भुरभुर पाऊस, छत्री मिटताना भिजलेली बाही, पर्समध्ये डॉक्टरांचा कागद, आणि त्यात हे.

काचेआडच्या निवेदकाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने झटकन माइकवर हात ठेवला. आता ठेवून काय उपयोग होता, पण ठेवला.

"अहो... माफ करा हं. खरंच माफ करा. या खिडकीतून ड्रायव्हर-कंडक्टरच्या चिठ्ठ्या येतात. हातात पडली की वाचायची, डोकं मध्ये आणायचं नाही — सहा वर्षांची सवय आहे."

बाईंनी पर्समधून पाटी काढली. खरीखुरी, पहिली-दुसरीतल्या मुलांची असते तशी छोटी पाटी. तिच्यावर त्यांनी लिहिलं, "डोकं मध्ये येत नाही, हे दिसलंच."

तो मोठ्याने हसला. रागावलेल्या माणसासमोर असं मोकळं हसणं चांगलं दिसत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

"फलाट चार. अजून दहा मिनिटं आहेत," तो म्हणाला. "आणि बाई... अक्षर फार सुरेख आहे तुमचं. म्हणून तर एका दमात वाचून झालं."

बाई तरातरा चार नंबरकडे निघाल्या. रस्ताभर रागावून बसायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण पहिला चढ लागेपर्यंत राग कुठेतरी उतरून गेला. त्यांना राहून राहून बाकावरची एक चिमुरडी आठवत होती. ती पाय हलवत बसली होती आणि भोंग्यातून तो आवाज आल्याबरोबर तिचे पाय थांबले होते. शब्दन् शब्द सुटा, कुठे घाई नाही, कुठे नाटकीपणा नाही. सात वर्षांच्या मुलाचे पाय थांबवणारा आवाज म्हणजे काय चीज असते, हे बाईंइतकं कुणाला कळणार!

बाई दुसरीच्या वर्गाच्या. वर्गात चौतीस मुलं, आणि त्या चौतिसांवर सहा वर्षं ओरडून ओरडून त्यांनी स्वतःचा घसा पार कामातून घालवला होता. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. "दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "कुजबुजायचं नाही, गुणगुणायचंही नाही." घरी आईने हे ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होईल गं!" डोळे मात्र तिने खरेच पुसले होते.

शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरळ सांगितलं, "रजा घ्या. दुसरीची मुलं बाकीच्या दोन तुकड्यांत वाटून देते."

रजा घेतली की वर्ग गेला. वर्ष संपेपर्यंत परत मिळणार नव्हता. आणि बाईंचा जीव त्या चौतिसांत अडकलेला. त्यांनी पाटीवर लिहिलं, "मी व्हिडिओवर शिकवीन."

तशा त्या आधीही व्हिडिओ दाखवायच्या. वर्गात एक प्रोजेक्टर होता, कपाटावर एक स्पीकर होता, आणि इंटरनेट अधूनमधून येऊन जायचं, म्हणून घरूनच सगळं फोनमध्ये उतरवून आणायचं. बाईंचे नियम कडक. व्हिडिओ चार मिनिटांच्या वर नको. आदल्या दिवशी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय वर्गात लावायचा नाही. आणि मूळ आवाज बंद! कारण ऑनलाइन बोलणारी माणसं मागे कुणी लागल्यासारखी बोलतात, त्यात ढणाढणा संगीत. बाई आवाज बंद करून स्वतः सांगायच्या, मध्ये थांबून विचारायच्या. आता सांगणार कोण?

"पडदा लावून पोरं गप्प बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे," मोठ्या बाई म्हणाल्या. "बघा प्रयत्न करून. दीड महिन्याने मी वर्गात येऊन बसेन. मुलं नुसती पडद्याकडे टक लावून बसलेली दिसली, तर मी म्हणते तसं होईल."

म्हणून दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा चौकशीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. या खेपेला चिठ्ठी चांगली दोन पानांची होती. निवेदकाने ती घेतली, माइक बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि मनातल्या मनात वाचली.

"म्हणजे... तुम्ही लिहायचं, मी बोलायचं?"

बाईंनी मान हलवली.

"गोगलगाईबद्दल?"

पुन्हा मान.

"बाई, सहा वर्षांत मला कुणी गाईबद्दलसुद्धा विचारलेलं नाही." त्याने खुर्ची पुढे ओढली. "पावणेपाच ते पाच इथून एकही बस सुटत नाही. तेवढ्यात होईल?"

झालं. आवाज नसलेला व्हिडिओ बघत बघत त्याने बाईंचा मजकूर वाचून फोनवर रेकॉर्ड केला. गोंगाट नको म्हणून त्याने खिडकी लावून घेतली होती; बाई काचेबाहेरच्या स्टुलावर, आतलं काही ऐकू न येता, हातातल्या घड्याळाकडे बघत. मधूनच त्याची नजर कागदावरून उचलली जायची, आणि बाई घाईघाईने घड्याळाकडे जास्तच लक्ष द्यायच्या.

घरी जाऊन इयरफोन लावले आणि बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी प्रश्नांपुढे कंसात सूचना लिहिल्या होत्या — त्याच्यासाठी. आणि हा गृहस्थ हातात पडेल ते वाचणारा! "गोगलगाईच्या मागे ही चकचकीत रेघ कसली?" त्याने झकास विचारलं होतं, आणि लगेच त्याच सुरात पुढे: "इथे थांबा. दहा मोजा." एकदा नव्हे, तीनदा. शेवटी खुर्ची करकरली होती आणि हळूच आलं होतं, "झालं ना? ...बाई, बरोबर वाचलं का हो मी? कळवा."

बाईंना हसू फुटलं. आवाज न करता हसायचं म्हणजे खांदेच गदगदा हलतात. आईने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि काही न विचारता परत गेली. शेवटचं वाक्य बाईंनी कापलं. बाकीचं दुरुस्त करायला वेळच नव्हता.

सकाळी वर्गात आवाज म्हणाला, "इथे थांबा. दहा मोजा," आणि चौतीस मुलांनी छप्पर उडेल अशा आवाजात मोजायला सुरुवात केली. बाई हातवारे करून थांबवायला धावल्या. एक, दोन, तीन... कोण ऐकतंय! आणि नऊ म्हणताना शेवटच्या बाकावरून हात वर आला.

तो हात वर्षभर कधी वर आला नव्हता. ती मुलगी इतकी गप्प, की हजेरीलाही नुसती मान हलवायची. प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरची वकिलीण — हे नाव बाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं — तोंडातून शब्द पुरता पडायच्या आत उत्तर द्यायची, आणि शेवटचा बाक विचार करत तसाच राहायचा.

"ती रस्ता ओला करत जाते," गप्प मुलगी म्हणाली. "म्हणजे पोटाला खरचटत नाही."

बाईंना काही म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. त्या नुसत्याच शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सहा वर्षं आपण प्रश्न विचारून लगेच उत्तर मागत होतो, हे त्यांना त्या दहा आकड्यांनी शिकवलं होतं.

पुढच्या मजकुराच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, "कंसातलंही वाचलंत."

"अरे बापरे!" निवेदकाने कागद तोंडापुढे धरला. "काढून टाकतो. आत्ता सगळं परत वाचतो."

"खबरदार," पाटी म्हणाली. "मुलांनी तुमचं नाव दहाकाका ठेवलंय."

त्याने पाटीकडे बघितलं, मग बाईंकडे. "आणि बाईंनी काय ठेवलंय?"

बाईंनी पाटी पुसली. स्वच्छ. कोपरेसुद्धा.

मग रोज पावणेपाच. व्हिडिओ बदलत गेले — सुरवंटाचं फुलपाखरू झालं, सावली लांब-आखूड झाली, छापखान्यात पुस्तक शिवून निघालं. वर्गात दहाकाकांच्या आवाजामागे बसचे हॉर्न यायचे, ते मुलांना धड्याचाच भाग वाटायचे. आणि प्रत्येक फाइलच्या शेपटाला, धडा संपल्यावर, बाईंपुरतं एखादं वाक्य असायचं. तो म्हणायचा, कापून टाका हं. बाई कापायच्या. पण आधी तीन-तीनदा ऐकायच्या, आणि कापलेले तुकडे एका वेगळ्या कप्प्यात ठेवून द्यायच्या.

"बाई, आज निळी ओढणी होती. मजकूर वाचताना दोन ओळी गाळल्या, त्याला मी जबाबदार नाही."

समासात उत्तर जायचं: "उद्या मळकट रंगाची घालून येते. ओळी गाळू नयेत."

"घाला. मी चार गाळीन."

एकदा रेकॉर्डिंग झाल्यावर तो काचेतून फलाटांकडे बघत म्हणाला, "गंमत आहे बघा. दिवसभर मी हजार माणसांशी बोलतो आणि एकही माणूस मला उत्तर देत नाही. तुम्ही तर बोलतसुद्धा नाही... आणि माझं सगळं बोलणं तुमच्याशीच होतं." मग तो एकदम गडबडला आणि पाच वाजायच्या आधीच पाचची बस पुकारून मोकळा झाला. ड्रायव्हरचा चहा अर्ध्यावर राहिला.

बाईंना आता एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. वर्ग राहायला हवा होता, आणि त्यासाठी आवाज यायला हवा होता. आणि आवाज आला की पावणेपाचला स्थानकावर जायला निमित्तच उरणार नव्हतं. शिवाय एक भीती होती, ती त्यांनी पाटीवरही कधी लिहिली नाही. त्याने आपला आवाज ऐकलेलाच नाही. असा आवाजाचा माणूस... आणि आपला घसा हा असा.

शेवटी डॉक्टरांच्या तपासणीचा दिवस आला. त्या संध्याकाळी रेकॉर्डिंगला बसता आलं नाही. "तुमच्या तुम्ही करा आणि सकाळी पाठवा," असं लिहून मजकूर खिडकीतून देऊन बाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी "आ" म्हणायला लावलं. जो आवाज निघाला तो तेल न घातलेल्या बिजागरीचा होता.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. बाईंना ते डॉक्टर त्या क्षणी मुळीच आवडले नाहीत. "हळूहळू सुधारेल. उद्यापासून दिवसाला पाच मिनिटं बोला. घड्याळ लावून. सहावं मिनिट नाही."

ती पाच मिनिटं कुणावर खर्च करायची, हे बाईंनी घरी येता येताच ठरवलं. मोठ्या बाईंवर. उद्या चौथ्या तासाला त्या वर्गात बसणार होत्या. मनासारखं झालं नाही, तर हात जोडून, तोंडाने विनंती करायची.

सकाळी फाइल आली. मधल्या सुट्टीत ऐकू, असं म्हणून बाई वर्गात शिरतात तो काय — मोठ्या बाई खुर्ची टाकून हजर! बाकांच्या मधल्या वाटेत, अगदी मध्यभागी.

"चौथ्या तासाला मला बैठक आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच लावा."

सहा वर्षांत पहिल्यांदा बाईंनी न ऐकलेली फाइल वर्गात लावली.

धडा होता प्रतिध्वनीचा. पडद्यावर दरी, दरीच्या कडेला एक बाई हाक मारतेय. "ही हाक परत का बरं येते?" दहाकाकांनी विचारलं. "इथे थांबा. दहा मोजा." वर्ग मोजायला लागला. मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. सातवर तीन हात, नऊवर अकरा.

"समोर डोंगर आहे म्हणून!"

"डोंगराला हाक ठेवून घेता येत नाही," वकिलिणीने मुद्दा मांडला. "त्याला खिसा नाही."

"आमच्या नव्या घरात सामान नव्हतं तेव्हा हाक परत यायची," शेवटच्या बाकावरून आलं. "सामान आल्यावर यायची बंद झाली. सामानाने ठेवून घेतली."

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. व्हिडिओ संपला, पडदा काळा झाला. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला... आणि स्पीकरमधून खुर्ची करकरली.

"बाई, हे नेहमीसारखं कापून टाकालच, म्हणून बोलतो."

बाई फोनकडे वळल्या. फोन कपाटापाशी, कपाट त्या टोकाला, आणि वाटेत मोठ्या बाईंची खुर्ची.

"आज तुमची तपासणी आहे. आवाज येणार, मला खात्री आहे. मी त्यासाठी... जाऊ दे. पण आवाज आला की माझं काम संपेल, आणि मला ते संपायला नको आहे. आवाज आल्यावरही माझ्याशी बोलाल का? रोज? जन्मभर म्हणायची हिंमत नाही हो, म्हणून रोज म्हणतो. ...इथे थांबा. दहा मोजा."

"एक!" वकिलीण ओरडली.

"दोन! तीन!" वर्गाने उचलून धरलं. बाई बाकांवरून वाकून फोनपर्यंत पोचल्या तेव्हा आठ झाले होते. फोन बंद केला तरी वर्ग कुठे बंद होणार! नऊ. दहा. चौतीस चेहरे बाईंकडे वळले. पस्तिसावाही.

"बाई," शेवटच्या बाकावरची गप्प मुलगी म्हणाली, "दहा झाले."

पाच मिनिटं बाईंच्या गळ्याशी येऊन उभी होती. त्यांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. पहिला शब्द इथे खर्चायचा नव्हता. त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहिलं, "उत्तर गृहपाठात."

"कुणाच्या गृहपाठात?" वकिलिणीला पळवाट चालत नसे.

"माझ्या."

मोठ्या बाई उठल्या. वही मिटली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"पोरं पडद्याकडे बघत बसतील असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "बसली नाहीत. वर्ग तुमचाच राहील." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "आणि बाई, गृहपाठ ज्या दिवशीचा त्या दिवशी व्हायला हवा. तुम्हीच सांगता ना मुलांना?"

पाच वाजायला आले तेव्हा कुठे बाई खिडकीपाशी आल्या. काचेआड निवेदक उभाच होता. खुर्चीवर बसवत नव्हतं बहुतेक. सकाळपासून फोनवर उत्तर नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. बाईंना बघून तो चाचरला. "तपासणी... काय म्हणाले डॉक्टर?"

बाईंनी पाटी न काढता, आधीच लिहून आणलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली.

हातात पडेल ते वाचायची सवय. पण या वेळी त्याने आधी माइकचा लाल दिवा बघितला. विझलेला होता. मग वाचलं, "आजच्या प्रश्नाचं उत्तर. इथे थांबा. दहा..." तो थबकला. "म्हणजे ऐकलंत? शेवटपर्यंत?"

बाईंनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी एक मोठा गोल केला — सगळ्या वर्गाने.

"वर्गात लागलं?" त्याचा रंग उडाला. "मोठ्या बाईंसमोर?"

मान.

"मेलो. बाई, मी... तुमचा वर्ग..."

बाईंनी बोटाने चिठ्ठीवर टकटक केलं. म्हणजे, लिहिलंय तसं वाचा. निवेदकाने दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि मोजायला लागला. तोच तो भोंग्यांतून घुमणारा आवाज, पण आता पार खाली आलेला.

"एक... दोन... तीन..."

बाईंनी हातातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

"चार... पाच... सहा... सा—"

"पुरे."

खरखरीत, फाटका, मध्येच हवा निसटलेला आवाज. बाई स्वतःच दचकल्या. पण आता मागे वळायचं नव्हतं. "दहापर्यंत कशाला?" त्या म्हणाल्या. "हो. रोज."

निवेदकाच्या डोळ्यांत भरभरून पाणी आलं.

"असाच आहे हो माझा आवाज," बाई ओशाळून म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात सुधारेल. तुमच्यासारखा नाही व्हायचा..."

"गप्प बसा... नाही, नाही! गप्प बसू नका!" तो घाईघाईने म्हणाला आणि त्याने काचेखालून हात पुढे केला. बाईंनी तो धरला. "सहा वर्षं या खिडकीतून बोलतोय मी. पहिल्यांदा कुणी उत्तर दिलंय. मला हाच आवाज हवा."

पाचच्या बसच्या ड्रायव्हरने मागच्या दारातून डोकं आत घातलं. "साहेब, पाच वाजून गेले. बस पुकारताय, का जाऊ अशीच?"

"जा अशीच," निवेदक म्हणाला. त्याची नजर काही हलली नाही.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "तीन मिनिटं उरलीत माझी. काय बोलू?"

"पहिल्या दिवशी तुमची चिठ्ठी मी भोंग्यावर वाचली, तेव्हा मनातल्या मनात काय म्हणाला होतात, ते आधी सांगा."

बाईंनी ते सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मात्र इतका हसला, की बाकांवरची माणसं पुन्हा एकदा माना वळवून बघायला लागली. उरलेली तीन मिनिटं त्यातच संपली. बाईंनी घड्याळ मनगटावर चढवलं, तोंडावर बोट ठेवलं आणि पर्समधून पाटी काढली. उद्याची पाच होतीच.